पाठमोऱ्या आईचे मुखदर्शन मागितले त्याची हकिकत

आदिमाया जी चराचरास पोटाशी धरोन आहे, तिचे चरणी मस्तक ठेवोन, आणि ऐकणारांचे कुंकू अक्षय असो ऐसे मागोन, घडले तैसे सांगणे. शके सोळाशे त्र्याण्णव, खर नाम संवत्सर, आश्विनमास. त्या समयी राज्यात पीकपाणी उत्तम, आणि राजे मोहिमेत जखमी होवोन पडले होते ते देवीच्या कृपेने उठोन बसले. तेव्हा मातुश्री आईसाहेबांनी देवघरात उदक सोडोन नेम केला की, सरहद्दीच्या घाटमाथ्यावरील आईचे मुख पाहीन तेव्हाच अन्न घेईन, तोवर दुधावर राहीन. नेम केला तो भरल्या मनाने केला, परंतु त्या आईचे ठाणे बहुत दुर्गम, राजधानीतील कोणी तेथे गेलेले नाही, आणि ज्यांनी काही ऐकिले होते ते मर्जीस भिवोन उगेच राहिले. मग स्वारी निघाली. मेण्याची वाट पायथ्याशी सरली, आणि आईसाहेब अनवाणी रान तुडवीत, दासीच्या खांद्यावर हात ठेवोन माथा चढल्या.

माथ्यावर आईची सेवा ठकूबाई गुरवीण करीत असे. बाई विधवा, अंगाने काटकुळी, बोलणे हळू, परंतु नेमाची पक्की. नित्य पहाटे आईच्या पाषाणमस्तकावरील काळे गंगावन विंचरोन वेणी घालावी, त्याआधी पाण्याचा थेंब तोंडात घेऊ नये, हे तिच्या सासूपासोन चालत आलेले. तिने आईसाहेबांचे पाय धुतले, आणि गाभारियात नेले, आणि तेथे सर्वांनी पाहिले तो देवीची पाठ! दारास पाठ, मुख पलीकडील भिंतीस, त्या भिंतीस वीतभर झरोका, झरोक्याबाहेर तुटका कडा आणि खाली परमुलखाचा घाट. ओटी भरावयाची तीही पाठीवरोन आलेल्या पदरात. समोर उभे राहावयास तसूभर जागा नाही.

कारभारी त्रिंबकपंत बहुत तापले आणि बोलिले, "अगे बाई, देवी पाठमोरी आहे हे आधी कळवू नये?"

ठकूबाई म्हणाली, "कुणी इचारलं, सरकार? आम्हांस वाटलं, राजधानीत येवढी शहाणी माणसं, त्यांस आईची पाठ कुठली अन् तोंड कुठलं ते ठावकं आसंल."

दाराशी जमलेल्या गावच्या बाया तोंडास पदर लावोन हसल्या. पंत अधिकच तापले, आणि त्यांनी पाथरवट बोलाविले, आणि हुकूम केला की झरोक्याची भिंत फोडावी, कड्याबाहेर लाकडी माची बांधावी, आणि आईसाहेबांस तीवरोन मुखदर्शन घडवावे. ठकूबाई दारात जावोन पाथरवटांपुढे आडवी उभी राहिली. पंत म्हणाले, "तू गुरवीण की धनीण? उद्या ही सेवा दुसऱ्यास देतो, मग रानात शेण्या वेचीत बस." ती म्हणाली, "धनीण ही बसली हाय, सरकार. मी केर काढणारी. हिलाच सांगा वळाया. वळली तर मी हटते."

आईसाहेब दुधावर राहोन क्षीण जाहल्या होत्या. त्यांनी पंतांस हाताने थोपविले आणि पुसिले, "बाई, आमचे अन्न या दर्शनावर अडले आहे. आई आमच्याकडे न पाहे, ऐसा आमचा अपराध काय?"

मग ठकूबाई खाली बसली आणि तिने पूर्वकथा सांगितली. "आई पूर्वी दाराकडं बघत होती. एका साली गावचे बाप्ये लढाईवर गेले, अन् घाटातनं परमुलखाची फौज वर चढली. बायालेकरं हितंच दडली. आमच्या घराण्यातली थोरली गुरवीण आईवर रागं भरली. म्हणाली, 'आमच्याकडं काय बघत बसलीस? आम्ही तुझीच हावो, कुठं पळून जात न्हाई. तिकडं बघ!' उजाडलं तवा आई वळलेली. घाटातल्या फौजेनं तिचं तोंड बघितलं अन् घोडी पुढं पाय टाकंनात. गेली माघारी. तवापासनं आईच्या समोर जो आला तो वैरीच, आईसाहेब. दुसऱ्या कुणी तिचं तोंड बघितलं न्हाई."

आईसाहेब म्हणाल्या, "आम्ही वैरी नव्हेत."

"म्हणूनशान तर पाठ दिली. बाई माणूस निर्धास्त पाठ करून कुणाम्होरं बसतं? जी वेणी घालती तिच्याम्होरं." ऐसे बोलोन तिने पहाटेची वेणी सोडिली, आणि फणी व शेवंतीची फुले आईसाहेबांपुढे धरिली.

आईसाहेबांनी फणी घेतली. बहुत दिवसांत त्या हातांनी कोणाची वेणी घातली नव्हती, दासींनी त्यांचीच घालावी. प्रथम पेड चुकला, मग हात आठवू लागला. ठकूबाई हळूच म्हणाली, "घट घाला. दिसभर वाऱ्यात बसायचं हाय तिला." ते ऐकोन आईसाहेबांनी पेड आवळोन वेणी पुरी केली, फुले माळिली, आणि लेकीच्या पाठीवर फिरवावा तैसा पाषाणावर हात फिरविला. झरोक्यातून वारा येत होता. तो अंगावर घेत त्या कितीक वेळ उभ्या होत्या.

बाहेर पाथरवट घण घेवोन खोळंबले. पंतांनी पुसिले, "आज्ञा?"

"माघारी पाठवा."

"आणि नेम? लोक म्हणतील, आईसाहेबांनी नेम मोडला."

"मोडला, म्हणोनच सांगा. देवीस न विचारिता नेम आम्ही केला, त्याचा दोष आम्ही माथी घेतो. आमच्या नेमासाठी तिने पहारा सोडावा काय?" मग ठकूबाईकडे वळोन म्हणाल्या, "भाकरी आहे का ग घरात?"

"हाय की. पर नाचणीची, अन् जोडीला मिरचीचा खरडा."

"वाढ."

मग आईसाहेब गाभारियाच्या उंबऱ्याशी जमिनीवर बसल्या आणि भाकरी जेवल्या, खरड्याने डोळ्यांस पाणी आले तरी पानात काही टाकिले नाही. गुरवकी ठकूबाईचे वंशी अक्षय चालावी ऐसी आज्ञा जाहली, आणि स्वारी उतरली.

सारांश, मुख न पाहता दर्शन जाहले, आणि मानी राजमातेने आपला नेम मोडोन देवीचा राखिला. मुलखोमुलखीच्या देवी भक्तांस सन्मुख बसतात, त्यांचे वैभव त्यांस असो. आमच्या आईने आम्हांकडे पुन्हा वळोन पाहिले नाही, एवढा तिचा आम्हांवर भरवसा. या राज्याचे भूषण ते हेच.