पानशेतात बुधवारी कोण वारलं?

माणूस थकतो, ही गोष्ट आता बहुतेक ठिकाणी मान्य झाली आहे. नोकर थकतो, बैल थकतो, वरंध्याच्या घाटात एसटीसुद्धा थकते आणि ड्रायव्हर तिला कडेला उभी करून पाणी पाजतो. मालक मात्र थकत नाही. एखादा थकलेला दिसलाच, तर तो मालक नसावा, अशी आमच्या भोर-वेल्हे पट्ट्यात सर्वसाधारण धारणा आहे. ही धारणा शास्त्रीय पायावर तपासण्यासाठी पानशेतला 'व्यावसायिक श्रमपरिहार समिती' स्थापन झाली आणि तिचा सचिव म्हणून मी, आनंदराव, निवृत्त ग्रामसेवक, एकमताने निवडला गेलो. (बैठकीला मी एकटाच आलो होतो.)

माझ्या पात्रतेविषयी कुणी शंका घेऊ नये. मी जन्मभर सरकारी नोकरी केली. त्यामुळे थकव्याचा अनुभव मला नसला, तरी विश्रांतीचा दांडगा आहे.

समितीची प्रेरणा पुण्याच्या शेफाली मॅडम. त्यांनी धरणाकाठच्या रिसॉर्टवर 'बर्नआऊट ओळखा, टाळा, सावरा' असं शिबिर घेतलं. विषय फार मोलाचा होता. शिबिर रविवारी ठेवल्यामुळे मालकवर्गापैकी कुणालाच येता आलं नाही, कारण रविवारी पुण्याची गिऱ्हाइकं येतात. ज्यांना कसलाच धंदा नाही असे आम्ही पाचसहाजण मात्र अगदी शेवटच्या चहापर्यंत बसलो आणि थकवा कसा टाळावा हे मन लावून शिकलो. आमच्यापैकी एकालाही त्यानंतर थकवा आलेला नाही. शिबिराचं यश शंभर टक्के म्हणावं लागेल.

पुढची पायरी पाहणीची. मी खडकवासल्याच्या बाजूपासून वेल्ह्यापर्यंत हॉटेलं, पिठाच्या गिरण्या आणि पंक्चरची दुकानं पालथी घातली. 'आपणांस थकवा जाणवतो काय?' या प्रश्नाला निम्म्या मालकांनी 'आत्ता टाइम न्हाई' असं उत्तर दिलं. उरलेल्यांनी, एक सोडून, 'काय देऊ?' असं मलाच विचारलं. त्या एकाने प्रश्न पुरता ऐकून घेतला आणि उभ्याउभ्याच डोळे मिटले. तो हॉटेलवाला धनाजी.

धनाजीचं पिठलं-भाकरीचं हॉटेल धरणाच्या रस्त्याला आहे. पहाटे चूल पेटवायची, दिवसभर गल्ला, भट्टी आणि गिऱ्हाईक अशा तीन ठिकाणी एकाच वेळी हजर राहायचं, आणि शेवटचं टेबल पुसून झालं की उद्याचे कांदे निवडायचे, असा त्याचा नेम. सुट्टी कधी? तर नाही. समितीच्या दृष्टीने तो आदर्श रुग्ण होता. लक्षणं तर नमुनेदार. साडूच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकताना तो मोठ्याने 'दोन भाकरी, एक ठेचा!' असं ओरडला. देवळात पुजाऱ्याने तीर्थ दिलं, तेव्हा 'पार्सल का इथंच?' असं विचारून मोकळा झाला. सासू घरी आली, तर तिच्यापुढे पाण्याचा ग्लास आदळून फडक्याने पाट पुसला आणि निघून गेला. (सासूबाईंच्या मते जावयाने प्रथमच पाणी विचारलं.)

इथवर सगळं गमतीचं होतं. पण त्याची बायको मंगल हसत नव्हती. ती मला एका बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊसाहेब, त्या दिशी वेल्ह्याच्या बाजारातनं येताना गाडीवरच डोळा लागला त्यांचा. वळणावर वाळूचा ढीग व्हता म्हून अडकले. ढीग नस्ता तर खाली पाणीच. तुमची समिती काय करती ते करा, पर मला माणूस पायजे. हाटेल ऱ्हाऊ द्या."

मला भीती वाटली, हे कबूल करतो. समितीच्या कामकाजात भीतीला जागा नाही, म्हणून मी तातडीने ठराव केला: धनाजीने दर बुधवारी हॉटेल बंद ठेवून झोप घ्यावी. बुधवारी गिऱ्हाईक नसतंच म्हटलं तरी चालतं. ठराव निर्दोष होता. त्यात एका गोष्टीचा विचार राहून गेला. आमच्याकडे दुकानाचं शटर भर दिवसा एकाच कारणाने खाली येतं, ते म्हणजे घरात कुणीतरी वारल्यामुळे.

पहिल्या बुधवारी धनाजी अंथरुणावर पडला आणि न्याहारीच्या वेळेला वस्तीवरच्या अक्काबाई पदर तोंडाला लावून दारात उभ्या राहिल्या. मागोमाग आळीच आली. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजाऱ्यांनी कडू घास आणायचा असतो. तो सगळ्यांनी आणला. कडू घासाला आमच्याकडे पिठलं-भाकरीच असते. बघता बघता घरात इतकं पिठलं जमा झालं, की हॉटेलात एवढं रविवारीही शिजत नसेल. (चवीला बरं होतं. दोन ठिकाणचं मी स्वतः तपासलं.)

"कोन गेलं वो?" अक्काबाईंनी विचारलं.

"कुनी न्हाई. ते दमल्यात, म्हून निजल्यात," मंगल म्हणाली.

"दमलाय?" अक्काबाईंनी पदर खाली घेतला. "बसून तर असतोय गल्ल्यावर!"

कुणी मेलं नाही हे ऐकून मंडळींची जी निराशा झाली, ती बघवत नव्हती. मग कारणं शोधणं आलं. नवराबायकोचं वाजलं असेल, अन्नात काही निघालं असेल, पोरगं पळून गेलं असेल. (त्यांना पोरगं नाही, तरीही हे मत टिकून राहिलं.) शेवटी आल्या माणसांना उपाशी कसं पाठवायचं, म्हणून धनाजी उठला, सगळ्यांना त्यांचंच पिठलं वाढलं, वर चहा केला आणि भांडी घासली. सुट्टीच्या दिवशी त्याला रोजच्यापेक्षा जास्त काम पडलं.

अनुभवातून शिकते ती समिती. बंद ठेवायला मयत लागते, तर मयत पुरवणं हे समितीचं कर्तव्यच ठरतं. आता मरणारा माणूस कसा हवा? नात्यातला हवा, पण लांबचा. वयाने मोठा हवा, म्हणजे हळहळ बेताची होते. आणि अशा ठिकाणी राहणारा हवा, जिथे खात्री करायला जाण्याची कुणाला सवड होणार नाही. या तिन्ही कसोट्यांना हिर्डोशीचे ज्ञानूतात्या उतरले. ते धनाजीच्या चुलत्याचे साडू. हिर्डोशीला एसटी येते, पण ती येईलच असं एसटीला स्वतःलाही सांगता येत नाही.

कुणाला परस्पर मारणं नियमात बसत नाही, म्हणून मी स्वतः जाऊन तात्यांची संमती घेतली. शेवटचा टप्पा पायी गेलो. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि म्हणाले, "मारा की. मला काय काम हाय? पन नाचनीची मळनी झाल्यावर मारा. मधीच नगं."

मळणी झाली. पुढच्या बुधवारी शटरवर खडूने लिहिलं: 'ज्ञानूतात्या हिर्डोशीकर यांच्या निधनामुळे बंद.' धनाजी आत आडवा झाला. मंगलने खिडकीला गोधडी लावली. मी पारावर बसून उपक्रमाचा मागोवा घेत होतो. गाव हळहळलं, बरोबर बेताचंच हळहळलं. मला समितीचा अभिमान वाटला.

तेवढ्यात टेम्पोचा आवाज आला. टेम्पोत पुढे अक्काबाई आणि मागे निम्मी आळी.

"एवढ्या लांब एकट्याला कसं सोडायचं? माती गाठायची तर सगळ्यांनी मिळून गाठू," अक्काबाई म्हणाल्या. "उठीव त्याला मंगल. दुःखात माणूस निजून ऱ्हातं, त्याला उठवावं लागतं."

आमच्या मुलखाची ही माणुसकी मी सर्वत्र वाखाणत आलो आहे. त्या माणुसकीने धनाजीला गोधडीतून काढलं आणि टेम्पोत ड्रायव्हर व अक्काबाई यांच्यामध्ये बसवलं. त्याचा डोळा लागायचा आणि अक्काबाई दर वेळी 'धीर धर, लेकरा' म्हणून त्याला हलवून जागं करायच्या. भोर गेलं, डोंगर लागला. सचिव या नात्याने मी मागच्या हौद्यात उभा होतो.

हिर्डोशीला तात्या अंगणात नाचणी वाळत घालत होते. टेम्पो बघून त्यांनी हात वर केला.

अक्काबाईंचा पदर तोंडापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मग तात्यांनीच परिस्थिती सावरली. "बसा, बसा. च्या टाकतो. म्या मेलोय, पर च्या व्हईल."

"आवो, एवढा टेम्पो करून आलो," अक्काबाई संतापाने म्हणाल्या, "आन तुमी न्हाई मेलात ते न्हाईच!" मग त्या थोड्या निवळल्या. "आता आलोच हाय तर रडून घेती बाई." आणि त्या खरोखर रडल्या. तात्यांनाही भरून आलं. आपल्या पश्चात एवढी माणसं येतील, याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी टेम्पोभर लोकांना चहा केला, भात रांधला, आणि निघताना मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "भाऊसाहेब, मरन सोपं हाय. पावने लई अवघड. पुन्यांदा मला मारू नका."

धनाजी परतीच्या वाटेवरही बसूनच होता. डोळे लालभडक. अक्काबाईंना ते दुःख वाटलं.

पुढच्या बुधवारी समितीला न विचारता मंगलने शटर ओढलं आणि त्यावर खडूने लिहिलं: 'मालक झोपले आहेत.' मी तातडीने हरकत घेतली. विनाकारण बंद ठेवणं अनियमित आहे, लोकांपुढे चुकीचा पायंडा पडतो. ती शटरला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, तुमी बी बसा हितंच. कुनी आलं तर तुमचं भाषान सुनवा. पाच मिनटात पांगत्यात." उपाय अवमानकारक होता, पण मी बसलो. अक्काबाई आल्या, पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि परत गेल्या. आतून घोरण्याचा आवाज येऊ लागला. मंगल रडत होती आणि हसतही होती. मी दुसरीकडे पाहिलं.

त्या वेळी मंगलजवळचा हॉटेलचा मोबाईल वाजला, तिने तो स्पीकरवर घेतला. शटरवर हॉटेलचा नंबर रंगवलेला आहे. समोर, रस्त्यापलीकडे उभ्या गाडीतूनच फोन होता.

"बंद का आहे?"

"मालक दमल्यात. निजल्यात."

"मग उठवा ना जरा. आम्ही इतक्या लांबून आलोय."

मंगलने माझ्याकडे पाहिलं. मग तिने डोळे मिटले आणि स्वतःच्या कपाळावरच्या कुंकवाला बोट लावून म्हणाली, "खरं सांगती. मालक वारल्यात. आत्ताच."

 मला वाटलं, आता गाडी वळेल.

"अरेरे. फार वाईट झालं," आवाज आला. "मग आत बसायला मिळेल, का पार्सलच घ्यावं लागेल?"

समिती गिऱ्हाइकाचं नाव जाहीर करत नाही, म्हणून गाडीतले साहेब, आपलंही करणार नाही. आपणही ऑफिसात फार दमता, डॉक्टरांनीच सक्तीची विश्रांती सांगितली होती, म्हणून तर मधल्या वारी रजा टाकून पानशेतला आला होतात, हे आपणच फोनवर ऐकवलंत आणि आम्ही ते समजू शकतो. अर्धा तास आपण हॉर्न वाजवलात, तरी धनाजी काही उठला नाही. तो तिसऱ्या प्रहरी उठला आणि मंगलला म्हणाला, 'तू जेवलीस का?' असं त्याने किती दिवसांनी विचारलं, ते तिलाही सांगता येईना. तेव्हा काळजीचं कारण नाही. आपण केलीही नव्हती.