गिटारने कळवलं

आमच्या शहरात इलेक्ट्रिक गिटार दुकानातून आणता येत नाही. ती घरी येऊन माणूस बघते आणि पसंत पडला तर राहते.

मला आतापर्यंत चार गिटारी बघून गेल्या होत्या. चौघींनीही निघताना 'कळवते' असं म्हटलं. 'कळवते'चा अर्थ आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत असतो. त्यामुळे आई निरोपाची वाट न बघता उरलेले पोहे डब्यात भरायची आणि शेजारी देऊन यायची.

ही स्थळं आणायची सुलूआत्या, बाबांची मोठी बहीण. पहिली गिटार काळ्या, कडक पेटीतून आली. तिने छत बघितलं, भिंतींची ओल बघितली, घरात एसी नाही हे ऐकलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही. ती आमच्या ऐपतीतली नव्हतीच. दुसरी दिसायला टोकदार होती. "मी फक्त जड काम करते," ती म्हणाली. "हळू गाणी जमत नाहीत, शिकायची इच्छाही नाही." तिसरी गोड बोलली. पण तिचं म्हणणं असं की तिचा आवाज स्वच्छ आहे, आरडाओरड्याच्या गाण्यांसाठी आणखी एक आणावी लागेल.

"म्हणजे सवत?" आत्याने विचारलं.

"दोघी असल्या की बरं पडतं."

बाबांनी चष्मा काढून पुसला. आमच्या घरात एकच परवडणार होती आणि तिनेच सगळं करायचं होतं.

चौथीशी सगळं जुळत होतं. पण तिच्यासोबत आलेला ॲम्प्लिफायर सुरू होताना 'ठप्प' असा आवाज झाला आणि माझ्या हातून चहाचा ट्रे सुटला. "बाकी काही नाही, मुलगी दचकते," असं त्यांनी आत्याला फोनवर सांगितलं.

ते खरं आहे. मी दचकते. कुकरच्या शिट्टीला, दाराच्या कडीला, स्वतःच्या शिंकेलासुद्धा. कॉलेजच्या तोंडी परीक्षेत बाईंनी माझं नाव घेतलं तेव्हा मी उभी राहून आधी 'सॉरी' म्हणाले होते.

पाचवा नकार आला की वाद्य विभाग त्या माणसाला बाजाची पेटी देतो. सक्ती नसते, पण पेटी घेऊन आलेला माणूस परत जात नाही. पेटी वाईट असते असं नाही. शेजारच्या हर्षलला मिळाली. त्याला आता सगळ्या आरत्या येतात आणि तो अंगानेही सुधारलाय. माझी अडचण वेगळी होती. मी एक गाणं केलं होतं, ते मला रेकॉर्ड करायचं होतं, आणि त्यातला मुख्य सूर पेटीवर नव्हताच. तो दोन पट्ट्यांच्या मधे होता. आई मला जिन्यातून 'इरूऽऽ' अशी हाक मारते तेव्हा शेवटचा 'रू' आधी वर चढतो आणि मग सावकाश घसरत खाली येतो. सगळं गाणं त्या घसरण्यावर उभं होतं. पेटीची पट्टी दाबली की सूर लागतो, सोडली की जातो. मधे घसरायला जागाच नाही. हे मी आईला सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने हाक मारताना विचार केला असता आणि हाक बिघडली असती.

पाचवी गिटार रविवारी सकाळी आली, साध्या कापडी पिशवीतून. रंग कैरीसारखा हिरवा. सोबत तिचे मामा होते, छोटेसे, चौकोनी ॲम्प्लिफायर. त्यांच्यामागून वाद्य विभागाचे म्हेत्रे आले आणि बगलेत पेटी घेऊन दारातच उभे राहिले. पाचव्या वेळी हजर राहायचा नियमच आहे.

"आत बसा की हो," आई म्हणाली.

"नको, ड्युटीवर आहे," म्हेत्रे म्हणाले आणि पोह्यांच्या दिशेने बघत राहिले.

मामांना प्लगला लावलं तर ते नुसतेच घूंऽ करू लागले.

"घसा बसलाय का त्यांचा?" आईने हळूच विचारलं.

"घसा ठीक आहे," मामा म्हणाले. "तुमच्या प्लगला अर्थिंग नाही."

बाबांनी फ्रिजची पिन काढून मामांना तिथे लावलं. "आता ठप्प होईल बरं का," मामांनी बजावलं, "मुलीला सांगून ठेवा." सांगितलेलं असूनही मी दचकले. ट्रे मात्र या वेळी आईने धरला होता. पोह्यांची बशी रीतीप्रमाणे गिटारसमोर ठेवली. चहा मामांच्या डोक्यावर ठेवणार तोच ते ओरडले, "तिथे नको! मागच्या घरी असंच केलं होतं."

"काय काय येतं तुम्हाला?" आत्याने सुरुवात केली.

"सगळं येतं. अगदी उस्तादासारखं नाही, पण अडणार नाही," गिटार म्हणाली. "तारांखाली हे तीन पिकअप, आवाज टिपणारे. मागचा जाडा, तो जड कामाला. हा खटका ओढला की तोच अर्धा होतो, आवाज पातळ येतो. पुढचे दोन साधे. वरातीत न्या, भजनाला न्या, नाहीतर दार लावून घरात रेकॉर्ड करा."

"भजनाला?"

"बोलावलं तर येईन."

आत्याने आईकडे बघितलं. आईने मान हलवली. "आणि अपेक्षा काय तुमच्या?" बाबांनी विचारलं. हे विचारताना त्यांचा आवाज दर वेळी बारीक होतो.

"उन्हात भिंतीला टेकवून ठेवू नका. पावसाळ्यात कपाटावर टाकू नका. रोज हात लागला पाहिजे, थोडा का होईना." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला किती गाणी वाजवता येतात?"

"दोन," मी म्हणाले. "म्हणजे तीन. पण तिसरं... नाही, दोनच."

कोणी हसलं नाही. तेच जास्त वाईट होतं. मामांनी घसा खाकरला. "दोघींना जरा बोलू द्या. गच्ची असेल ना?"

गच्चीवर आईने पापड वाळत घातले होते. मी टाकीच्या सावलीत बसले आणि गिटार मांडीवर घेतली. वायर खालीच राहिली होती, आणि मामांशिवाय तिचा आवाज फार बारीक होता. मला तिच्या लाकडाला कान लावावा लागला.

"खाली जे बोलले ते सगळीकडेच बोलते," ती म्हणाली. "आता सांगा, मी हवी कशाला?"

मी तिला गाण्याचं सांगितलं. हाकेचंही सांगितलं. दुसऱ्या कोणाला ते पहिल्यांदाच सांगत होते.

"वाजवा बघू."

मी वाजवलं. हात थरथरत होता म्हणून बोट घट्ट रोवून धरलं, तर सूर खिळा ठोकल्यासारखा सरळ आला. पुन्हा वाजवलं. पुन्हा खिळाच. मला म्हेत्र्यांची पेटी दिसू लागली.

"इरूऽऽ!" जिन्यातून आईची हाक आली. "पापडावर कावळा नाही ना बसला?"

मी दचकले. बोटाने तार वर ढकलली गेली, सूर चढला, कापला आणि कापत कापत खाली आला.

तार वाजायची थांबेपर्यंत मी बोट उचललं नाही.

"हाच का तो?" गिटारने विचारलं.

"हो."

"मला हलवायचा दांडा नाही, बघितलंत ना? काहींना असतो, दाबला की सूर कापतो. पण आमच्या भावात मिळणारा दांडा सुराला बाहेर नेतो आणि परत आणून सोडत नाही. म्हणून आमच्यात तो बसवतच नाहीत. कंप वाजवणाऱ्याच्या घरचा लागतो."

"माझे हात नेहमीच थरथरतात," मी म्हणाले. हे लपवून ठेवणं बरोबर वाटलं नाही.

"लाकडाला कळलं ते," ती म्हणाली. "चला खाली. मामा एकटे असले की घूं करतात."

खाली सगळे उभेच होते. मी तिला वायर जोडली.

"मग काय?" आत्याने विचारलं.

"कळवते," गिटार म्हणाली.

आत्या मटकन खुर्चीत बसली. आई डब्याचं झाकण शोधायला स्वयंपाकघराकडे वळली. बाबा माझ्याकडे बघायचं टाळून पंख्याकडे बघू लागले. म्हेत्र्यांनी पेटी सावरली आणि एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

"घाई कसली करताय?" मामा म्हणाले. "तिचं बोलणं संपायचंय अजून."

"कळवते म्हटलं ना," गिटार म्हणाली. "तर कळवते. मुलगी पसंत आहे."

म्हेत्रे एक पाय आत, एक बाहेर असे थांबले. "'कळवते'च्या नंतर कोणी कळवत नसतं हो," ते म्हणाले. "मी ऑफिसात सांगू काय?"

"कळवलं म्हणून सांगा!" आत्या ओरडली.

"असं आमच्याकडे कधी झालेलं नाही."

"मग आधी पोहे खा," आई म्हणाली, "आणि खाता खाता विचार करा."

म्हेत्र्यांनी पेटी सोफ्यावर ठेवली आणि गिटारसमोरची बशी उचलली. दुसऱ्यांदा पोहे घेताना त्यांनी लिंबू मागितलं. जाताना पेटी त्यांची त्यांनीच परत नेली.

मामा पाठराखण म्हणून राहिले. ते एवढे छोटे आणि साधे, की वेगळं मोठं बिऱ्हाड करावं लागलं नाही. घरात अर्थिंगचा प्लग एकच असल्यामुळे त्यांनी आणि फ्रिजने आपसात वेळा वाटून घेतल्या. दूध सकाळचं सकाळीच संपवायचं ठरलं.

त्याच संध्याकाळी मी दार नुसतं लोटून घेतलं, फोन रेकॉर्डिंगला लावला आणि पहिली ओळ हळू वाजवली, मागचा पिकअप अर्धा करून. दुसऱ्या ओळीला खटका सोडला, आवाज भरदार झाला. मग तो सूर आला. मी हात घट्ट धरला नाही. थरथरत होता तसा राहू दिला.

आई दार ढकलून आत आली, हातात अर्धा सोललेला लसूण. तिला वाणसामानाचं काहीतरी विचारायचं होतं, पण ती तशीच उभी राहिली.

मी पुन्हा वाजवलं. बाहेरच्या खोलीतून बाबा ओरडले, "अगं इरू, आई केव्हाची हाक मारतेय! ऐकू येत नाही का?"

"मी कुठे मारली?" माझ्या शेजारून आई म्हणाली.

मी दचकले नाही. गिटारकडे बघून 'ओ' म्हटलं आणि पुढची ओळ सुरू केली.