गोळी कोठे पोहचनी?

आमच्या गल्लीत गोळी गिळणं ही खासगी बाब नाही. तुम्ही पाण्याचा घोट घेऊन मान मागे टाकली रे टाकली, की शेजारच्या ओट्यावरून प्रश्न येतोच, "कोठे पोहचनी?" म्हणजे गोळी कुठवर पोचली. विचारणारे आमचे शेजारी आप्पा. उत्तर तुम्ही द्यायचं नसतं. तेही आप्पाच देतात.

माझी नणंद लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याला घेऊन पुण्याहून आली, तेव्हा जावईबापूंनी जेवणाआधी पित्ताची गोळी घेतली. आप्पा पाहुणे बघायला म्हणून सहज डोकावले होते. त्यांनी जावईबापूंच्या शर्टाच्या बटणांकडे टक लावून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "आते नवापूर." जावईबापूंना वाटलं, हे गृहस्थ नवापूरला निघालेत. ते हात जोडून म्हणाले, "बरं, सावकाश जा." सासूबाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाल्या आणि बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत.

त्याचं असं आहे. आप्पांच्या मते माणसाचं शरीर म्हणजे सुरत-भुसावळ लाइन. तोंड म्हणजे उधना, तिथून गाडी सुटते. पोट म्हणजे नवापूर. हद्दीवरचं स्टेशन, अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात, तिथे गाडी कितीही रखडू शकते. लिव्हर म्हणजे आमचं नंदुरबार. "आठे मार्केट यार्ड शे," आप्पा छाती फुगवून सांगतात. पोटातून आलेला माल आधी इथे तपासला जातो आणि पुष्कळदा निम्माशिम्मा इथेच उतरवून घेतला जातो. उरेल तो रक्तातून पुढे. गुडघे दोंडाईचाला, डोकं अमळनेरला. मूत्रपिंडं म्हणजे भुसावळ, तिथे गाडी रिकामी होते. ती कशी होते हे मात्र आप्पा बायकांसमोर सांगत नाहीत.

शिरेतलं इंजेक्शन म्हणजे नंदुरबारला न थांबणारी एक्स्प्रेस. भरल्या पोटी घेतलेली गोळी म्हणजे स्टेशनाबाहेर सिग्नलची वाट बघत आउटरला उभी राहिलेली गाडी. मी एकदा म्हटलं, मग उपाशीपोटीच घेतलेली बरी. तर आप्पा खवळले. काही गाड्यांना आउटरच मानवतो, डॉक्टरने जेवून घ्या सांगितलं की जेवूनच घ्यायची. औषध कुठलं, किती, कधी, यात ते कधीच नाक खुपसत नाहीत. "तिकीट डॉक्टर देस. मी फक्त गाडी कोठे शे ते सांगस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हे खूळ त्यांनी हवेतून काढलेलं नाही. आप्पांची सगळी नोकरी गुजरातेत, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. धडधाकट माणसांना गोळी द्यायची, मग ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा त्यांचं रक्त काढायचं आणि औषध रक्तात किती चढलं, कधी उतरलं, ते यंत्रावर मोजायचं. आप्पा त्या यंत्रावर होते. कुठलं औषध चांदसैलीचा घाट चढावा तसं दमादमाने चढतं आणि कुठलं आलं तसं भुर्रकन निघून जातं, हे ते अजून गावच्या भानगडी सांगाव्यात तशा चवीने सांगतात. आठवडाभर तिकडे आणि सुट्टीला रेल्वेने इकडे, असा त्यांचा जन्म गेला. त्यामुळे औषध आणि आगगाडी त्यांच्या डोक्यात एकाच रुळावर आली असावीत, असा माझा अंदाज.

मलाही त्यांनी सोडलेलं नाही. मी इथल्या शाळेत मराठी शिकवते. मिरचीच्या हंगामात गावाबाहेर वाळवणाच्या लाल पथाऱ्या पसरल्या, की वाऱ्यासरशी अर्धं नंदुरबार शिंकतं. अशीच एकदा मी शिंकेची गोळी घेऊन वर्गावर गेले आणि द्वंद्व समास फळ्यावर लिहिता लिहिता खुर्चीत बसून चक्क घोरले. मुलींनी ती बातमी माझ्याआधी गल्लीत पोचवली. संध्याकाळी आप्पा ओट्यावर वाटच पाहत होते. म्हणाले, "ताई, तुमनी गोळी नाकवर उतराले पाहिजे व्हती. ती अमळनेरले उतरनी."

सासूबाई त्यांच्या सगळ्यात जुन्या प्रवासी. गुडघेदुखीची गोळी घेतली की आप्पा समोरच्या पायरीवर येऊन बसणार आणि ती दोंडाईचाला पोचेपर्यंत हलणार नाहीत. माझे सासरे आणि आप्पा बालमित्र, म्हणून ते सासूबाईंना वहिनी म्हणतात. सासूबाईंचं आणि आप्पांचं भांडण ठरलेलं. सासूबाई म्हणायच्या, गोळी कुठे पोचली ते मला कळत नाही, पण तुम्ही इथे बसलात की माझी भाजी करपते हे मला कळतं. तरी चहा ठेवताना दोन कप ठेवायच्या.

कोपऱ्यावर सलीमभाईंचं गादीचं दुकान आहे. कापूस पिंजायचं काम त्यांच्या घराण्यात किती पिढ्यांचं आहे ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांना साखरेचा आजार. रमजान जवळ आला तेव्हा आप्पाच त्यांना हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेले, गोळ्यांच्या वेळा बदलून घेतल्या आणि महिनाभर रोज इफ्तारला जाऊन बसले. गोळीवर लक्ष ठेवायला, असं ते म्हणत. खजूर आणि भजी यांच्यावर त्यांनी ठेवलेलं लक्षही मी पाहिलं आहे. सलीमभाईंनी एखाद्या दिवशी कंटाळा केला की आप्पांचं व्याख्यान सुरू. रोजची गोळी म्हणजे रोजची पॅसेंजर. एक दिवस रद्द झाली की फलाटावर गर्दी साचते, आणि ही गर्दी तुमच्या रक्तात साचते.

त्याच दुकानात गेल्या थंडीत तो प्रकार घडला. आप्पा बोलता बोलता उभ्याउभ्या कलले आणि पिंजलेल्या कापसाच्या ढिगात आडवे झाले. गादी बघायची ही काय तऱ्हा, असं म्हणत सलीमभाई हसले. आप्पा उठले नाहीत, तसं त्यांचं हसू विरलं. त्यांनी रिक्षा बोलावली. मी आणि सासूबाई मागोमाग दवाखान्यात पोचलो, तेव्हा आप्पा शुद्धीवर होते, पण मिशांना कापूस लागून एका दिवसात दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते.

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि पुन्हा मोजला. इतका वाढलेला दाब म्हणजे लकव्याला आमंत्रण, या खेपेला कापसावर निभावलं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, दाबाची गोळी मागेच लिहून दिली होती, ती रोज घेता ना? आप्पा म्हणाले, घेतो. डॉक्टर कागदाकडे बघत म्हणाले, रोज घेत असाल तर दाब एवढा असायला नको. मग गोळी बदलावी लागेल, जास्त जोराची द्यावी लागेल.

सासूबाईंचा डॉक्टरवर विश्वास नाही आणि आप्पांवर तर मुळीच नाही. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, "आप्पा, आज तुमनी गोळी कोठे पोहचनी?"

डॉक्टरांशी खोटं बोलणारे आप्पा या प्रश्नावर पंख्याकडे बघू लागले. मग हळूच म्हणाले, "सुटनीच नही."

आजची नाही, कालची नाही. आप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या त्याला दुसरं वर्ष लागलं होतं, आणि तेव्हापासून एकही नाही. मला आधी राग आला. साऱ्या गल्लीला रद्द पॅसेंजरचे धडे देणारा हा माणूस स्वतःची लाइन उखडून बसला होता. मी चांगलंच सुनावलंही.

"ताई, प्रयोगशाळामा एक जण गोळी लेये आणि दुसरा तिन्ही वाट देखे," आप्पा म्हणाले. "घर तुमनी काकू व्हती. भाकर थापता थापता इचारे, कोठे पोहचनी? मन्ही चेष्टा करे ती. आते फलाटवर कोणीच नही. मंग गाडी कोणकरता सोडू?"

मी इतके दिवस तो प्रश्न आप्पांचा समजत होते. तो काकूंचा होता. त्या हसत हसत विचारायच्या, आणि त्या गेल्यावर आप्पा तोच प्रश्न घेऊन गल्लीभर फिरत होते. आम्ही सगळे त्यांना हसलो, चहा पाजला, जावयाची गोष्ट दहा जणांना सांगितली, आणि उलटून तो प्रश्न त्यांना एकदाही विचारला नाही. हे मला फार लागलं.

सासूबाई मात्र डोळे पुसण्यातल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अंगणातल्या भिंतीशी उभ्या राहिल्या आणि अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं. तेव्हापासून रोज विचारतात. दुकान उघडायला जाताना सलीमभाई विचारतात, शाळेला निघताना मी विचारते. आप्पा वैतागतात, ही काय कटकट म्हणतात, आणि स्टेशनाचं नाव बिनचूक सांगतात. दाबही आता पुष्कळ खाली आला आहे.

परवा आम्ही शहाद्याला लग्नाला गेलो. पहाटेच निघालो. सलीमभाईही मुलीकडे गेले होते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. परतलो तेव्हा उन्हं कलली होती. आप्पा ओट्यावर बसलेले, शेजारी पाण्याचा पेला, त्यावर झाकण, आणि तळहातावर गोळी. हाताच्या घामाने तिचा रंग थोडा बोटांना लागला होता.

मी म्हटलं, "आप्पा, अहो, अजून घेतली नाहीत?"

"आउटरले उभी शे," आप्पा ओशाळून म्हणाले. "सकायपासून सिग्नलच भेटना नही."

सासूबाईंच्या एका हातात लग्नातल्या लाडूंची पिशवी होती, दुसरा हात दुखऱ्या गुडघ्यावर. त्यांनी पेल्यावरचं झाकण काढलं. "ल्या. दिधा सिग्नल," त्या म्हणाल्या.

आप्पांनी गोळी तोंडात टाकली, घोट घेतला, मान मागे टाकली. मी कुलूप उघडायला वळले. सासूबाई आल्या नाहीत म्हणून मागे पाहिलं, तर पिशवी बाजूला ठेवून, भिंतीचा आधार घेत, त्या आप्पांच्या पायरीवर बसत होत्या.