अलार्मची पाचोडला बदली

सदर प्रकरणाची सुरुवात एका कबुतरापासून झाली. सिडकोतल्या मल्हाररावांच्या घरात न्हाणीघराला वरच्या अंगाला एक छोटी खिडकी होती आणि त्या खिडकीत दिवाळीच्या आधी एका कबुतरानं विनापरवाना संसार थाटला. मल्हारराव एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. अतिक्रमण त्यांना चालत नसे. त्यांनी कडूबा प्लंबरला बोलावलं, खिडकीवर जाड प्लास्टिकचा पत्रा ठोकून घेतला आणि कडेच्या फटी पुट्टीनं बुजवल्या.

काम करता करता कडूबानं एवढंच विचारलं, "साहेब, ग्यासचा गिझर आतच हाय. हवा कुठून येनार?"

मल्हाररावांनी त्याला समजावलं की त्याला पत्रा बसवायला बोलावलंय, अभिप्राय द्यायला नाही. अभिप्राय द्यायचाच असेल तर लेखी द्यावा. कडूबाचं लिहिण्याशी कधी जमलं नव्हतं. त्यानं उरलेली पुट्टी डब्यात भरली आणि तो निघून गेला.

दिवाळीला पुण्याहून मुलगी आली, प्रेरणा. न्हाणीघर पाहून तिनं घर डोक्यावर घेतलं. गिझर आजच्या आज बाहेर काढा, म्हणाली. मल्हाररावांनी विषय विचाराधीन ठेवला. बापाचं 'विचाराधीन' म्हणजे काय हे लहानपणापासून ठाऊक असल्यानं ती दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा असा एक पांढरा डबा घेऊन आली आणि न्हाणीघर व झोपायची खोली यांच्या मधल्या बोळात, डोक्याच्या उंचीवर, स्वतः ड्रिलनं भोक पाडून तिनं तो बसवला. बंद जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस बसल्या जागी झोपतो आणि उठत नाही. हा डबा तो वायू ओळखतो. चार-चारदा ओरडला तर वायू आहे, मिनिटाला एकदा चिवचिवला तर बॅटरी संपत आली. आठवड्यातून एकदा बटण दाबून तपासायचं. एवढं सगळं तिनं दोघांना बसवून सांगितलं आणि वर म्हणाली, "बाबा, हा वाजला की आधी आईला घेऊन बाहेर पडायचं. विचार नंतर."

मल्हाररावांनी मान डोलावली. पण चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आधी विचार केला होता, नंतरही विचारच केला होता, आणि बाहेर पडण्याची वेळ सव्वासहाची होती. प्रेरणा गेल्यावर त्यांनी माहितीपुस्तिकेला भोक पाडलं, टॅग घातला आणि ती फाइलला लावून टाकली.

आता इथं नळाची हकिकत सांगायला हवी. मल्हाररावांच्या गल्लीत पाणी येतं आठव्या दिवशी, आणि किती वाजता येतं ते पाण्यालाच माहीत. त्यांचं घर गल्लीच्या तोंडाशी. त्यामुळे पाणी आधी त्यांच्याकडं येतं आणि शेवटच्या घराशी पोचायला त्याला चांगला अर्धा तास लागतो. पाणी आलं की मल्हाररावांच्या पत्नी मंजुळाबाई पहिली गोष्ट करत ती डोक्यावरून न्हाण्याची. एरवी दोन तांब्यांत उरकावं लागे. त्या दिवशी मात्र गिझर लावून, दार लावून त्या मनसोक्त न्हायच्या.

पहिल्याच नळाच्या दिवशी डबा ओरडला. मल्हारराव बोळात आले, नाक वर करून दोनदा हुंगलं. वास आला नाही. सबब गॅस नाही, असं त्यांनी वहीत टिपलं आणि वेळ लिहिली. तेवढ्यात मंजुळाबाई बाहेर आल्या, दार उघडं राहिलं, जरा वेळानं डबाही गप्प झाला. आठ दिवसांनी पुन्हा तेच. त्यानंतर आठ दिवसांनी पुन्हा. तीन नोंदी झाल्यावर निष्कर्ष काढायला आस्थापना शाखेची हरकत नसते. मल्हाररावांचा निष्कर्ष असा की सदर यंत्र नळाचं पाणी ओळखतं.

शेजारचे बद्रीनाथ, एसटीचे निवृत्त कंडक्टर, त्यांनी हा निष्कर्ष गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. दोन आठवड्यांत गल्लीचा कारभारच बदलला. मल्हाररावांच्या बोळात डबा ओरडला की शेवटच्या घरापर्यंत मोटारींची बटणं दाबली जात, ड्रम लागत, नळ्या पसरत. आजवर अर्धा दिवस नळाला कान लावून बसणाऱ्या सारजाबाई आता निवांत भाकरी थापू लागल्या. एक दिवस त्या हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आल्या आणि डब्याला कुंकू लावून गेल्या. थोडं कुंकू त्याच्या छिद्रांत गेलं. मल्हाररावांना रस्त्यात लोक थांबून नमस्कार करू लागले, जे त्यांच्या नोकरीच्या काळातही फक्त बदल्यांच्या महिन्यात होत असे.

मंजुळाबाईंचं डोकं मात्र दुखू लागलं. मळमळायचं, पायात बळ राहायचं नाही. त्यांनी दोनदा-तीनदा सांगितलं. मल्हाररावांनी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गुलमंडीच्या बाजारातून नवा चष्मा करून आणला. नव्या चष्म्यानं डोकेदुखी थांबली नाही, पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाच्या आणि नळाच्या खुणा स्पष्ट दिसायला लागल्या. "आवं, नळाच्याच दिवशी दुखतंय," मंजुळाबाई म्हणाल्या. मल्हाररावांनी या तक्रारीची दखल घेतली आणि पाण्यात तुरटी फिरवायला सुरुवात केली.

संक्रांतीला पाचोडहून मंजुळाबाईंचा भाऊ आला, फकिरा. बायको, तीन पोरं, सासू, असा भरला संसार. नळाला अजून तीन दिवस होते, पण सणाची आंघोळ चुकवून कसं चालेल? टँकरचं पाणी घेतलं आणि सहा माणसं एकामागून एक न्हाली. पाचवं माणूस आत असताना डबा जो ओरडायला लागला तो थांबेचना. मल्हाररावांनी बटण दाबलं, टॉवेल गुंडाळला, दोनदा दरडावलं. आणि तिकडे अख्खी गल्ली धावली. मोटारी लागल्या, नळ्या लागल्या, आणि कोरड्या नळांवर दोन मोटारी जळाल्या.

बद्रीनाथ तडक आले. "मल्हारराव, तुमचं यंत्र साफ खोटं बोललं. गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही त्यानं."

पाव्हण्यांसमोर हे ऐकून घेणं मल्हाररावांना फार लागलं. दोन महिन्यांची इज्जत एका सकाळीत गेली होती. त्यांनी दुपारी तिळाच्या पोळीवर तूप न घेता आरोपपत्र तयार केलं: पाणी नसताना पाण्याची वर्दी देणे, वरिष्ठांनी बटण दाबूनही ओरडणे चालू ठेवणे, सणासुदीला सार्वजनिक शांतता बिघडवणे.

असं प्रकरण त्यांना नवं नव्हतं. कचेरीत दर दोन-तीन वर्षांनी असा एखादा कर्मचारी निघायचा. फाइलीत काही कुजकं दिसलं की हा मोठ्यानं बोलायचा, नको त्या माणसासमोर बोलायचा आणि गप्प बस म्हटलं तरी बोलायचा. मल्हाररावांनी अशा कुणाचं कधी वाईट केलं नाही. फक्त बदली केली. बदलीच्या जागी तो बरोबर गप्प होई. कारण तिथं कुजकं काही नसे, किंवा ऐकायला कुणी नसे. फाइलीचं काय झालं, हे पाहण्याचं काम आस्थापना शाखेकडं नव्हतं.

संध्याकाळी फकिरा निघाला तेव्हा त्याच्या पिशवीत, येताना आणलेल्या ओल्या हरभऱ्याच्या जागी, डबा आणि बदलीचा आदेश होता. मंजुळाबाई दारात उभ्या होत्या. पोरीनं बसवलंय ते काढू नका, असं त्या एकदा म्हणाल्या. पण भाऊ जायच्या वेळी वाद नको म्हणून पुढं बोलल्या नाहीत.

फकिरानं डबा गोठ्याच्या मेढीला टांगला. चारी बाजूंनी उघडा गोठा, दोन बैल, एक म्हैस. आठवड्यानं त्याचा फोन आला. "दाजी, लई गुणी हाय. आल्यापासून एकदाबी तोंड उघडलं नाय."

मल्हाररावांना समाधान वाटलं. हवापालट मानवला होता. त्यांनी वहीत 'वर्तन उत्तम' असा शेरा मारला आणि बोळातल्या रिकाम्या खिळ्याला दिनदर्शिका टांगली. पुण्याहून प्रेरणानं विचारलं, अलार्म चालू आहे ना? ते म्हणाले, उत्तम चालू आहे. यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या नळाच्या दिवशी सकाळी मल्हारराव अंगणात पेपर वाचत होते. उंबऱ्यावरून पाण्याची एक धार अंगणात आली. नळाचं पाणी, आठ दिवसांनी आलेलं, फुकट चाललेलं. "अगं, पाणी चाललंय," त्यांनी आतल्या बाजूला तोंड करून सांगितलं. उत्तर आलं नाही. दुसरं स्मरण दिलं. तिसरं दिलं. मग मात्र रागानं उठले आणि न्हाणीघराच्या दाराशी जाऊन थापा मारू लागले.

त्या दाराची कडी तीन वर्षं दुरुस्तीच्या प्रतीक्षेत होती. कडूबाला सांगायचं सांगायचं म्हणून राहून गेलेलं काम. तिसऱ्या थापेला कडी निघून हातात आली.

मंजुळाबाई पाटावर बसल्या होत्या, भिंतीला टेकून, मान कलती. बादली भरून वाहत होती. वर गिझर निळ्या ज्योतीनं शांतपणे जळत होता. वास कसलाही नव्हता. त्या क्षणी मल्हाररावांना एकही सरकारी शब्द आठवला नाही. "मंजुळे," ते म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी तिला कुणाच्या देखत नावानं हाक मारली नव्हती. आता ते ती हाक मारत तिला काखेत धरून बोळातून फरफटत अंगणात घेऊन आले आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, कुणी गप्प बस म्हटलं असतं तरी न थांबता, ओरडत राहिले.

बद्रीनाथांनी चादर आणली, रिक्षा आणली. दवाखान्यात ऑक्सिजन लागला. तासाभरानं मंजुळाबाईंनी डोळे उघडले आणि नळ बंद केला का, असं विचारलं. मल्हाररावांना रडू फुटलं. ते त्यांनी लपवलं नाही.

डॉक्टर तरुण होते. हिवाळ्यात अशा केसेस येतात, म्हणाले. "घरात अलार्म नव्हता का?"

"होता."

"मग वाजला नाही?"

"त्याची पाचोडला बदली झाली आहे."

डॉक्टरांनी नर्सला सांगून मल्हाररावांनाही तपासायला घेतलं.

चौथ्या दिवशी मंजुळाबाई घरी आल्या आणि मल्हाररावांचा हात आपोआप कागदाकडं गेला. सवय लवकर जात नाही. त्यांनी चौकशी अहवाल लिहिला. मूळ कारण, कबुतर. सहायक कारण, प्लंबर कडूबा यांनी अभिप्राय लेखी न देणे. आणि मुख्य जबाबदारी सदर यंत्राची, कारण घटनेच्या वेळी ते कर्तव्याच्या ठिकाणी गैरहजर होते. अहवाल त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला आणि साक्षीदार म्हणून सही करायला पेन पुढं केला.

मंजुळाबाईंनी पेन घेतला नाही. अशक्तपणानं आवाज बारीक झाला होता, पण त्या सावकाश, नीट बोलल्या. "त्यो जे वरडून सांगत व्हता, तेच मी तीन महिने सांगत व्हते. त्यो मोठ्यानं बोलला म्हणून त्याला पाचोडला धाडलं. मी हळू बोलले म्हणून हितंच ऱ्हायले. एवढाच फरक हाय आमच्या दोघांत."

मल्हाररावांनी तो कागद परत घेतला. मग त्यांनी तो चारदा दुमडला, खिशात घातला आणि पाचोडची बस धरली. गोठ्यात डबा मेढीला तसाच होता, कुंकवासकट. बॅटरी संपत आल्यानं मिनिटाला एकदा चिवचिवत होता आणि म्हैस त्याकडं दुर्लक्ष करायला शिकली होती. त्यांनी तो धोतराच्या फडक्यानं पुसला आणि येताना बसमध्ये मांडीवर धरून आणला.

कडूबानं एका दिवसात गिझर बाहेरच्या भिंतीवर नेला, पत्रा काढला, नवी कडी बसवली. डबा नव्या बॅटरीसह बोळात परतला. दर सोमवारी मल्हारराव बटण दाबतात, डबा ओरडतो, आणि ते "ठीक" म्हणतात. मंजुळाबाईंचं डोकं दुखत नाही. कबुतर सहकुटुंब परत आलं आहे.

प्रकरण इथं बंद व्हायला हवं होतं. पण गेल्या बुधवारी बद्रीनाथ गल्लीचं शिष्टमंडळ घेऊन आले. वहिनी बऱ्या आहेत याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता आणि तो त्यांनी पेढे आणून व्यक्तही केला. अडचण एवढीच की गेले सहा आठवडे नळाच्या दिवशी डबा वाजलाच नाही, त्यामुळे पाणी कधी येतं ते कळत नाही आणि शेवटच्या चार घरांचे ड्रम कोरडे राहतात. सबब गल्लीनं एक अर्ज केला आहे. नळाच्या दिवशी सकाळपुरता का होईना, गिझर पूर्ववत आत घ्यावा, खिडकी बंद ठेवावी, आणि वहिनींनी सार्वजनिक हित ध्यानात घेऊन आंघोळ थोडी लांबवावी.

मल्हाररावांनी अर्ज फेटाळला आहे. आयुष्यात पहिल्यांदा, विचाराधीन न ठेवता. पण अर्ज अजून बद्रीनाथांच्या ओट्यावर आहे, पेन दोऱ्यानं बांधलेला आहे आणि सह्या एकतीस झाल्या आहेत. आपण एवढं हसत वाचलंतच, तर आता उठून आपल्या न्हाणीघराची खिडकी पाहून या. ती बंद असेल आणि गिझर आत असेल, तर बत्तिसावी सही करायला सिडकोत येण्याची गरज नाही. ती झालेली आहे.