एकवीस दिवसांत खत

मूल जन्माला येतं तेव्हा त्याला कुजण्याविषयी काहीही ज्ञान नसतं. ही उणीव भरून काढण्यासाठीच शाळा असतात.

पहिलीच्या वर्गाला 'ओल्या कचऱ्यापासून खत' हा प्रकल्प लागू झाल्याचं परिपत्रक आलं, तेव्हा एका मुलीच्या आईने ते उभ्या उभ्या तीनदा वाचलं. परिपत्रक निर्दोष होतं. प्रत्येक विद्यार्थ्याने भोकं पाडलेल्या बादलीत सालं आणि वाळलेली पानं यांचे थर द्यावेत, एक दिवसाआड ढवळावं आणि एकविसाव्या दिवशी तयार खत शाळेत आणावं. एरवी खत व्हायला दोन-तीन महिने लागतात. पण निसर्गाला सत्र संपवायचं नसतं. (शाळेला असतं.) गुणविभागणी अशी: बादलीची सजावट चाळीस, तक्ता तीस, तोंडी वीस, खत दहा. तळाशी ठळक अक्षरांत: 'खतात वास, ओल अथवा जीवजंतू आढळल्यास ते स्वीकारले जाणार नाही.'

आई वनस्पतिशास्त्राची पदवीधर. जीवजंतूंवाचून खत होत नाही, हे तिला चांगलं माहीत होतं. पण दुसरीच्या 'प्रगत' तुकडीत कोण जाणार, हे याच सत्राच्या गुणांवर ठरणार होतं. सहाव्या वर्षी मागे पडलेलं मूल पुढे कुठे जातं, याचा विचार ती रोज भांडी घासताना करायची, आणि ते कुठेच जात नाही या निष्कर्षाला शेवटच्या पातेल्यापर्यंत पोचायची.

पालकांच्या ग्रुपवर त्या संध्याकाळी दोनशे चौदा संदेश आले. ते निवडून पाहता एवढंच हाती लागलं की घरोघरी सालं कमी पडताहेत. एका घरात माणशी चार केळी सक्तीची झाली. एका वकीलबाईंनी ज्यूसवाल्याकडची सालं महिनाभरासाठी राखून ठेवली. एका डॉक्टरांनी सालं साबणाने धुऊन मगच कुजवावीत असं सुचवलं. त्यांना एकोणीस अंगठे मिळाले. कचरा कमी करायच्या या प्रकल्पामुळे पहिल्याच आठवड्यात इमारतीतला कचरा दीडपट झाला. सफाईवाल्याच्या हे लक्षात आलं होतं, पण त्याला कोणी विचारलं नाही.

मुलीने मात्र फक्त खत केलं. गॅलरीतल्या जुन्या बादलीत घरात निघेल ते टाकलं, वर पानं पसरली, काठीने ढवळलं, आणि रोज शाळेतून आल्या आल्या झाकण उघडून पाहिलं. बाराव्या दिवशी आत एक पांढरी अळी सापडली. मुलगी एकुलती एक. तिने अळीला 'ताई' म्हणायला सुरुवात केली. "बाबा, हळू बोला," तिने बजावलं, "ताई जेवतेय." बाबा हळू बोलू लागले. आजीही नाकाला पदर लावून का होईना, ताईची विचारपूस करू लागली. आईला हे आवडलं नाही. (आवडलं होतं, पण नऊच दिवस उरले होते.)

विसाव्या दिवशी बादलीत आढळलं ते येणेप्रमाणे: एक तृतीयांश काळं, एक तृतीयांश तपकिरी, बाकी सरळसरळ केळ्याची सालं. वास मध्यम. ताया बऱ्याच.

मुलगी शाळेत गेल्यावर आई रोपवाटिकेत गेली. रोपवाटिकावाल्याने तिचा चेहरा पाहूनच पुडकं पुढे केलं. "पहिली ना? चाळून, वाळवून ठेवलंय. वास नाही, किडा नाही." मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "काळजी करू नका ताई, तुमच्या बाईसुद्धा वर्गात दाखवायला इथूनच नेतात."

जुनी बादली खाली कचऱ्याच्या गाडीत रिकामी झाली. नव्या बादलीवर आईने सूर्यफुलं काढली.

"ताई कुठे गेली?" मुलीने आल्यावर विचारलं.

"तिचं खत झालं."

मुलीने त्या कोरड्या भुग्यात बोट घातलं. "सगळ्यांचंच? एवढ्यात?"

"हो. आता यादीतले तोंडीचे सहा प्रश्न पाठ कर."

तोंडी परीक्षेला आया वर्गात मागे उभ्या होत्या. बत्तीस बादल्या, बत्तीस प्रकारची सजावट आणि एकाच रंगाचं, एकाच चाळणीचं खत. बाईंनी वर्गाच्या एकजुटीचं कौतुक केलं. मुलीने सहाही उत्तरं न अडखळता दिली. मग बाईंनी यादीत नसलेला प्रश्न विचारला, "बाळा, तुला यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं?"

मुलीने मान वळवून आईकडे पाहिलं. बराच वेळ, नीट.

"स्वच्छता," ती म्हणाली.

बाई गहिवरल्या. शंभरपैकी सत्त्याण्णव, प्रगत तुकडी. (तीन गुण सूर्यफुलांचे गेले, ते आईचे होते.) त्यानंतर मुलीने घरात कशाचीही चौकशी केलेली नाही, त्यामुळे अभ्यासाला भरपूर वेळ मिळतो.

इथवर वाचून रोपवाटिका नेमकी कुठे आहे, असं मनात आलं असेल तर संकोच करू नका. मुलीचं पुढे काय झालं, असं विचारणारे फार थोडे निघतात. पत्ता सगळेच विचारतात. सकाळी नऊच्या आत गेलेलं बरं, नंतर रांग असते. रांगेत ओळखीचं कोणी भेटलंच, तर दोघांनीही कुंड्या बघायला आल्यासारखं करायचं. ते तुम्हाला जमेल.