मोजणीचं टेबल

सकाळी सातला कारकुनाने टेबल तीनदा हलवलं आणि तिन्ही वेळा त्याला घाम फुटला. फुटपाथवर ठेवावं तर साहेबांच्या पत्रकात स्पष्ट लिहिलेलं, पादचाऱ्यांना अडथळा होता कामा नये. रस्त्यावर ठेवावं तर बसने टेबलासकट त्यालाही नेलं असतं. उरला सायकलींसाठी रंगवलेला लाल पट्टा. तिथे बसलं की एकही सायकल नजरेतून सुटणार नव्हती, आणि सुटून चालणारही नव्हतं. मागच्या खेपेस त्याने पुलावरच्या सायकली मोजल्या, त्या नेमक्या पाचशे भरल्या. साहेब म्हणाले होते, "घरी लोळत मोजल्यात का? पुन्हा आकड्यात घोळ झाला, तर नोकरी गेलीच समजा."

पहिली सायकल आली ती सरळ फुटपाथवर चढली. दुसरीही. तासाभरात फुटपाथवर एकोणऐंशी, पट्ट्यावर शून्य. पाचशेवर ज्यांनी विश्वास ठेवला नाही, ते शून्यावर काय ठेवणार?

शिवाय कारण विचारायचं होतं. फॉर्मवर चार रकाने होते : भीती, घाई, सवय, इतर.

"अहो भाऊ, फुटपाथवरून का चाललात?"

"हे तुम्ही विचारताय?" पाववाल्याने त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि तो निघून गेला. कारकुनाने 'इतर'वर खूण केली.

"बाई, फुटपाथवरून का?"

"हे विचारायचा पगार मिळतो तुम्हाला?" शाळेतल्या बाई कडाडल्या. पुन्हा इतर.

शेवटी न राहवून त्याने साहेबांना फोन लावला. "साहेब, झाडून सगळे फुटपाथवर चढतायत."

"सगळे? काहीतरीच काय! थांबा, मोठ्या साहेबांना घेऊनच येतो."

तेवढ्यात समोरून ओळखीची घंटी वाजली. कामावर निघालेली त्याची बायको आली आणि तीही झोकात फुटपाथवर चढली.

"अगं, तूसुद्धा?"

"मग काय उडून जाऊ?" ती सायकल थांबवून म्हणाली. "टेबल कुठे मांडलंय बघा की!"

त्याने टेबलाकडे पाहिलं. मग पट्ट्याकडे. मग पुन्हा टेबलाकडे.

"मेलो," तो म्हणाला. "आता उचलून पलीकडे ठेवू?"

"आणि कागदावरच्या या एक्याऐंशींचं काय? जे झालं ते लिहा. खोटं तुम्हाला पचत नाही. त्या पुलाच्या वेळी खरोखर पाचशे भरल्या, तरी आठ दिवस झोपला नव्हतात तुम्ही."

ती गेली. त्याने ब्याऐंशी आकडा टाकला आणि 'इतर'पुढे लिहिलं : आमचं टेबल.

गाडी आली. साहेबांनी कागद वाचला आणि ते लालबुंद झाले. "अहो, अक्कल गहाण ठेवलीत का? पट्ट्यात टेबल?"

"साहेब, पत्रकात फुटपाथ नको म्हटलं होतं..."

मोठ्या साहेबांनी कागद हातात घेतला. "हे पत्रक काढलं कोणी?"

साहेब खिशात रुमाल शोधू लागले.

"बाकीच्या अकरा चौकांत टेबलं कुठे आहेत?"

साहेबांनी एकामागून एक फोन लावले. प्रत्येक फोननंतर त्यांचा आवाज आणखी बारीक होत गेला. "पट्ट्यातच आहेत, साहेब."

"आणि कारण काय लिहिलंय?"

"सगळ्यांनी... सवय."

मोठे साहेब कारकुनाकडे वळले. त्याने डोळे मिटून घेतले. नोकरी गेली, आता घरी काय सांगायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"उद्यापासून तुम्ही सायकली मोजायच्या नाहीत," मोठे साहेब म्हणाले. "बाराही चौकांत फिरायचं आणि पट्ट्यात आमच्या ऑफिसचं काय काय पडलंय ते मोजायचं. सुरुवात इथूनच करा."

कारकुनाने डोळे उघडले, वही काढली आणि जपून लिहिलं : टेबल एक, खुर्ची एक. मग जरा घुटमळून, पट्ट्यात उभ्या असलेल्या साहेबांच्या गाडीकडे पाहत त्याने पुढे लिहिलं : मोटार एक.