किल्ली कुठल्या झाडाखाली

"फक्त दोन गोष्टी," चपला पायात सरकवत जिफा म्हणाली. "घर आत्ता आहे तसंच राहू दे, आणि साडेअकराला विमानतळावर उभा राहा. तिसरं काही करू नकोस. सुचलं तरी करू नकोस."

सेन्योनं मान डोलावली. त्याच्या कडेवरच्या एलीनंही डोलावली. अडीच वर्षांचा एली हल्ली कुणी काहीही विचारलं तरी मान डोलवायचा आणि वर "हो" म्हणायचा. आईबापांना त्याचं कौतुक होतं. पोर समजूतदार निघालं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असत.

जिफा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि नेमकी आजची सकाळपाळी तिच्या गळ्यात आली होती. आज महिन्याचा शेवटचा शनिवार, म्हणजे उमुगांडा. आठाला रस्ते बंद होणार, दुकानं बंद होणार आणि अख्खी किगाली हातात कुदळ-फावडी घेऊन आपापल्या वस्तीच्या कामाला लागणार. त्याआधी तिला निघणं भाग होतं. दारातून ती पुन्हा मागं वळली, एलीचा पांढरा सदरा नीट केला, त्याची पापी घेतली आणि गेली.

ती मागं का वळली, ते सेन्योला बरोबर कळत होतं. अकरावर थोडं झालं की विमानातून सासूबाई उतरणार होत्या, आणि त्या पाहुण्या म्हणून येत नव्हत्या. घानातलं बरं चाललेलं बस्तान उठवून लेक-जावई परमुलखात गेले, हे त्यांना दीड वर्षांत पचलेलं नव्हतं. केटा गावच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून उभा जन्म काढलेल्या बाई त्या. फोनवर त्यांनी सरळ निकाल सुनावला होता: "तुम्हा दोघांचं बूड स्थिर होईपर्यंत नातू माझ्याकडे राहील. मी येते आणि त्याला घेऊन जाते. संपलं बोलणं."

तिकडे ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. निम्मा घाना आज्यांनीच वाढवला आहे, आणि जिफा स्वतः आजीच्याच अंगाखांद्यावर वाढली होती. म्हणूनच बहुधा, त्या फोननंतर ती न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ बसून राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "आईला घरात एक वस्तू जागा सोडून दिसली ना," ती म्हणाली, "तर पोर गेलं समज." तेव्हापासून आठवडाभर दोघं मिळून घर घासत होते. घर इतकं चकचकीत झालं होतं की सेन्यो स्वतःच्या घरात चवड्यांवर चालायला लागला होता.

आता साडेअकरापर्यंत एलीला एका जागी बसवून ठेवायचं, एवढंच काम उरलं होतं. तेवढ्यात फाटक वाजलं.

फाटकात मुकामुसोनीबाई उभ्या होत्या. वस्तीच्या प्रमुख. पायात गमबूट, कमरेला कापड घट्ट बांधलेलं.

"मास्तर, आज पाठ कशी आहे?" त्यांनी विचारलं.

सेन्यो कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. गेल्या उमुगांडाला त्यानं पाठ धरल्याचं सांगितलं होतं आणि त्याच दुपारी तो फुटबॉल खेळताना बाईंना दिसला होता. त्याच्या आदल्या महिन्यात ताप आला होता. तो ताप तर साफ खोटा होता.

"पाठ बरी आहे," सेन्यो म्हणाला, "पण आज सासूबाई येताहेत, त्यामुळे..."

"मग बरंच झालं. जावई कष्टाळू आहे हे त्यांनाही कळेल. लहानग्याला आणा बरोबर. रस्त्याकडेला अव्होकाडोची रोपं लावायची आहेत. तुमच्या गाडीला तरी अकराच्या आधी कुठं वाट मिळणार आहे?"

सेन्योनं एलीला पिवळे गमबूट चढवले आणि घराला कुलूप लावलं. घराची, फाटकाची आणि गाडीची किल्ली एकाच जुडग्यात होती. फोन आणि पाकीट चिखलात पडायला नको म्हणून त्यानं घरातच ठेवलं होतं, हा त्याचा त्या दिवसातला सगळ्यात शहाणपणाचा विचार होता.

खड्डे खणायचं काम त्याला शेजारच्या गास्पारबरोबर मिळालं. गास्पार निवृत्त ड्रायव्हर. त्यानं नुकतीच आपल्या अंगणाला सिमेंटच्या पोकळ विटांची नवीन भिंत घातली होती आणि तेव्हापासून त्याला दुसरा विषय नव्हता. त्याच भिंतीलगत रोपांची रांग लागणार होती.

"हात लावून बघा मास्तर. ओळंबा लावून बांधलीय. कुठं बोटभर तिरकी दाखवा."

"सुरेख आहे."

"गिलावा राहिलाय. तो काय, चष्मा सापडला की करतो. तीन आठवडे झाले, भिंत निम्मी झाली तेव्हापासून चष्मा कुठं ठेवलाय कुणास ठाऊक. बायको म्हणते मी हरवला, मी म्हणतो तिनं."

इकडे एलीनं भोकाड पसरलं. त्याला बापाच्या खिशातलं जुडगं हवं होतं. किल्ल्या म्हणजे त्याचा जीव की प्राण. सेन्योनं आधी खडा दिला, मग पान दिलं, मग केळं दिलं. शेवटी सगळी वस्ती माना वळवून बघायला लागली तेव्हा त्यानं जुडगं काढून दिलं. "दोनच मिनिटं हं, एली." एलीनं मान डोलावली. "हो."

मग काम असं रंगात आलं की विचारू नका. एली प्रत्येक खड्ड्यात एकेक खडा टाकायचा, बायका टाळ्या वाजवायच्या, मग रोप बसायचं आणि माती लोटली जायची. "मास्तरांचा हात चांगला चालतो की!" कुणीतरी म्हणालं. सेन्योला आयुष्यात अंगमेहनतीबद्दल कुणी शाबासकी दिली नव्हती. तो फुलून गेला आणि त्यानं आणखी चार खड्डे खणले. कामानंतरची वस्तीची बैठक सुरू होऊन संपली, लोक फावडी झटकायला लागले, तेव्हा कुठं त्याचं लक्ष पोराच्या हाताकडे गेलं. हात रिकामे होते.

"एली, किल्ली कुठंय?"

"आत," एली म्हणाला.

"आत कुठं?"

"आत," एलीनं पुन्हा समजावून सांगितलं.

सेन्योनं नव्या रोपांच्या लांबलचक रांगेकडे पाहिलं. "एली बाळा, या झाडाखाली टाकलीस?"

"हो."

"की त्या?"

"हो."

"की त्या तिकडच्या?"

"हो!" एली आनंदानं म्हणाला. बाबा पहिल्यांदाच इतके चांगले प्रश्न विचारत होते.

पहिलं रोप सेन्योनं एकट्यानंच, इकडंतिकडं बघत, हळूच उपटलं. दुसऱ्याला गास्पारनं पकडलं. "अहो मास्तर, आत्ता तर लावलं!" मग सांगावंच लागलं. बातमी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि घरी निघालेली माणसं फावडी घेऊन परत आली. मुकामुसोनीबाई कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. "दोन महिन्यांनी आले," त्या म्हणाल्या, "आणि लावलेली झाडं उपटायला आले."

"बाई, मी सगळी परत लावून देतो. पण माझी सासू..."

"उपटा," बाई म्हणाल्या. "पण मुळाची माती सांडायची नाही. जो सांडेल त्याला मी बघून घेईन."

संख्याशास्त्राच्या मास्तरांनी मनातल्या मनात हिशोब मांडला की झाडागणिक किल्ली सापडायची शक्यता वाढत जाते. झाडं संपत आली. शक्यता वाढतच होती, किल्ली मात्र नव्हती. साडेअकरा कधीच वाजून गेले होते. घरात टेबलावर त्याचा फोन वाजून वाजून थकला असेल.

शेवटच्या खड्ड्यात तो गुडघ्यांवर बसून हातांनी माती उकरत असताना टॅक्सी थांबली. आधी जिफा उतरली. नवरा फोन घेत नाही म्हटल्यावर ती इस्पितळातून परस्पर विमानतळावर गेली होती. तिच्यामागून सासूबाई उतरल्या. या देशात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी, म्हणून विमानतळावर त्यांच्या सगळ्या पिशव्या काढून घेतल्या होत्या. त्यामुळे कसाव्याचा रवा, सुकी मासळी आणि मिरचीच्या काळ्या ठेच्याच्या बाटल्या, सगळं त्यांनी आपल्या रविवारच्या ठेवणीतल्या कापडांत गाठोडी बांधून आणलं होतं. म्हणजे बाई आधीच तापलेल्या होत्या.

त्यांनी उपटून आडवी पाडलेली झाडं पाहिली. मातीनं माखलेला जावई पाहिला. मग गास्पारच्या बायकोच्या पाठुंगळी बांधलेलं, केळं खाणारं, कानापर्यंत चिखलानं भरलेलं एक मूल पाहिलं. त्याच्या अंगात कधीकाळी पांढरा सदरा होता.

"जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "हे तुमचं बस्तान का?"

सेन्यो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. जिफानं पुढं होऊन एलीला घेतलं आणि असं छातीशी धरलं की ती त्याला आता सोडणार नाही असं वाटावं. ते पाहून सेन्योला झाडांपेक्षा, किल्लीपेक्षा आणि सासूपेक्षाही जास्त वाईट वाटलं.

"कुठं टाकली विचारलंत त्याला?" सासूबाईंनी विचारलं.

"विचारलं. सगळ्या झाडांना हो म्हणतो."

"म्हणणारच. या वयाच्या पोराला विचारायचं नसतं, नुसतं बघायचं असतं. चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं?" त्यांनी कमरेचं किल्ल्यांचं जुडगं काढलं. बॅगांची कुलपं, पर्सचं कुलूप, केटाच्या घराची कुलपं, सगळ्यांचा संसार त्यात होता. ते त्यांनी एलीच्या हातात दिलं आणि त्याला खाली सोडायला लावलं. "आता सगळ्यांनी पाठ फिरवा. कुणी त्याच्याकडे बघतंय हे त्याला कळता कामा नये."

मुकामुसोनीबाईंनी वस्तीला हुकूम सोडला. अख्खी वस्ती रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. सगळे डोळ्यांच्या कोपऱ्यांतून मात्र बघत होते.

एलीनं जुडगं दोनदा वाजवलं. झाडांकडे ढुंकूनही न पाहता तो तुरुतुरु चालत गास्पारच्या भिंतीशी गेला. तिथं खालच्या एका विटेचा कोपरा उडाला होता, बरोबर त्याच्या नाकाच्या उंचीवर. त्यानं जुडगं त्या भोकात सोडलं. आतून दूरवर टण् असा आवाज आला. एलीनं स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या.

"माझी भिंत!" गास्पार ओरडला.

"माझ्या किल्ल्या!" सासूबाई ओरडल्या. बघण्याच्या नादात पकडायचं राहून गेलं होतं.

"भिंतीला कुणी हात लावायचा नाही!" गास्पार हात पसरून आडवा उभा राहिला. "तार घाला, चुंबक घाला, काय वाटेल ते करा. ओळंबा लावून बांधलीय!"

मुकामुसोनीबाईंनी गुडघे टेकून फोनच्या उजेडात आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "गास्पार, तुझ्या चष्म्याच्या काड्या तपकिरी होत्या का?"

गास्पारचे हात खाली आले. त्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. "फोडा," तो म्हणाला.

भिंत फुटली आणि खजिना बाहेर आला. दोन्ही जुडगी, गास्पारचा चष्मा, टीव्हीचा रिमोट. जिफाचं एक कानातलं, ज्यावरून नवराबायको मागं एकदा आठवडाभर एकमेकांशी बोलले नव्हते. सगळ्यात खाली मुकामुसोनीबाईंची शिट्टी निघाली. ती पलीकडच्या वस्तीच्या प्रमुखानं ढापली, असं त्या महिनाभर चारचौघांत सांगत होत्या. बाईंनी शिट्टी मुकाट्यानं पदराला बांधावी तशी कापडाच्या टोकाला बांधली आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

मग चकचकीत घरात चिखलाच्या पायांनी अख्खी वस्ती शिरली. कुणी दूध आणलं, कुणी शिजवलेली केळी आणली. सासूबाईंनी ठेच्याची बाटली फोडली. गास्पारला पहिल्याच घासाला ठसका लागला, तरी त्यानं दुसरा घास घेतला. मुकामुसोनीबाई आणि सासूबाई यांची भाषा एक नव्हती, पण दोघींनी मिळून सेन्योच्या पाठदुखीवर तासभर चर्चा केली.

रविवारी चर्चऐवजी सगळे रस्त्यावर होते. सेन्योनं प्रत्येक झाड परत लावलं, गास्पारनं चष्मा घालून भिंत बांधली आणि आधीची बोटभर तिरकी होती हे त्याला त्या दिवशी दिसलं. संध्याकाळी तिघं ओट्यावर बसले. एली आजीच्या पाठीवर झोपला होता.

जिफानं विचारलंच. "आई, केव्हा नेणारेस त्याला?"

सासूबाईंनी पाठीवरचा एली सावरला. "काल एका पोराच्या किल्लीसाठी या लोकांनी लावलेली झाडं उपटली," त्या म्हणाल्या. "भिंत फोडली. असे शेजारी मला केटात मिळाले नाहीत. आणि दुसरं म्हणजे, माझ्या घराच्या सगळ्या भिंती पोकळ विटांच्या आहेत. तो राहू दे इथंच."

जिफा रडायला लागली. सेन्योनं पहिल्यांदाच सासूबाईंकडे मनापासून, प्रेमानं पाहिलं.

"तो राहू दे, आणि मीही राहते," सासूबाई पुढं म्हणाल्या. "माझ्या नातवापायी ती झाडं उपटली गेली. मेली तर या लोकांना तोंड कसं दाखवू? ती चांगली धरेपर्यंत मी इथून हलणार नाही."

सेन्यो उठला, शेजारच्या फाटकाशी गेला आणि गास्पारला हळूच विचारलं, "अव्होकाडो धरला, असं केव्हा म्हणायचं?"

गास्पारनं चष्मा पुसला. "उपटून लावलेली आहेत ना? दोन पावसाळे तरी निघाले पाहिजेत."

इथं वर्षात दोन पावसाळे होतात, एवढाच काय तो सेन्योला दिलासा होता. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी कॉलेजला जायच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा, अशी दोन वेळा रांगेतल्या प्रत्येक झाडाला बादलीनं पाणी घालायला लागला. मुकामुसोनीबाई ते रोज बघत होत्या. माणूस सुधारला, असं त्यांनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं.